चहाच्या फ्रँचायझीची ऑफर: चहाला ५ पैकी ४, पेपरला ५ पैकी १

सध्या नागपुरात धरमपेठ घ्या, प्रतापनगर घ्या नाहीतर मनीषनगर, दर दोन चौकांत एक नवीन चहाचा ब्रँड दिसतो. अशाच एका बाहेरच्या कंपनीने माझ्या मावसभावाला फ्रँचायझी ऑफर केली. पैसे काकांच्या रिटायरमेंटचे, त्यामुळे मावशी म्हणाली तू अकाउंट्सचं काम करतोस तर एकदा सगळं बघून घे बापा. कंपनीचं नाव टाकत नाही, अजून त्यांच्याशी मेलवर बोलणं चालू आहे. पण अशा ऑफरचे फोन बऱ्याच जणांना येत असतील म्हणून जे दिसलं ते सगळं लिहितो.

आधी चांगलं ते सांगतो. चहा खरंच छान आहे, आल्याचा वास येतो आणि गोड कमी करून मागितला तर तसा देतात. ट्रेनिंग देणारा माणूस कामाचा वाटला, काउंटरचं डिझाईनपण छोट्या गाळ्यात नीट बसेल असं आहे.

आता पैशाचं. फी ३ लाख आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ५४ हजार वेगळे. सेल्सवाला म्हणाला जीएसटी तर क्रेडिटमध्ये परत मिळतो सर. नाही मिळत ना भाऊ! चहा-नाश्त्याचं दुकान ५ टक्क्यांनी जीएसटी लावतं तेव्हा त्याला इनपुट क्रेडिट (खरेदीवर भरलेला जीएसटी पुढच्या टॅक्समधून वजा करणं) घेता येत नाही, कंपोझिशन म्हणजे छोट्या धंद्यांची सोपी टॅक्स योजना घेतली तरी तेच, म्हणजे फी, रॉयल्टी (दुकान चालेल तसा कंपनीला द्यायचा वाटा), मशीन, इंटिरिअर सगळ्यावरचा टॅक्स आपल्याच खिशातून. हे त्यांच्या प्रोजेक्शनच्या म्हणजे अंदाजी कमाई-खर्चाच्या कागदावर कुठंच नव्हतं. वीजबिल नव्हतं, वाया गेलेलं दूध नव्हतं, आणि भाऊ स्वतः सकाळी सहापासून गल्ल्यावर बसणार त्याचा पगारपण नव्हता.

रोजचा सेल लिहिला होता ८,००० रुपये. कप १५ रुपयांचा, म्हणजे ५३० च्या वर कप. दुकान १२ तास उघडं धरलं तर तासाला ४४, म्हणजे दीड मिनिटाच्या आत एक कप, दिवसभर सलग. मे महिन्यात दुपारी दोन वाजता पारा ४५ ला टेकलेला असताना वर्धा रोडवर कोण उभं राहून गरम चहा पिणार आहे राजेहो? मी हे विचारलं तर म्हणे ॲव्हरेज पकडा.

मग कंपनीचे पेपर काढले. एमसीए पोर्टलवर (केंद्राच्या कंपनी मंत्रालयाची साइट) १०० रुपये भरले की कुठल्याही कंपनीचे जमा केलेले कागद बघता येतात, बॅलन्सशीट वगैरे सगळं. माझ्या मते फ्रँचायझी घेणाऱ्याने सगळ्यात आधी हे १०० रुपये खर्च करावे. यांच्या हिशोबातल्या उत्पन्नाच्या तपशिलात मोठा आकडा फ्रँचायझी फीचा होता, रॉयल्टी आणि माल विक्री त्यापुढे अगदीच किरकोळ. आता हे नीट समजून घ्या, रॉयल्टी कधी वाढते, जुनी दुकानं चालली तर. फी कधी वाढते, नवीन दुकान विकलं तर. कंपनीचं घर जर फीवरच चालत असेल तर माझ्या भावाचं दुकान दुसऱ्या वर्षी चालतं की नाही याच्याशी तिला फारसं घेणंदेणं उरत नाही, तिला पुढचा घेणारा पाहिजे असतो. बाकी सगळं तपासणं मला तरी यानंतरचं वाटतं.

ट्रेडमार्क म्हणजे ब्रँडच्या नावाची नोंदणी आयपी इंडिया या सरकारी साइटवर फुकट शोधता येते. ब्रोशरवर नावापुढे टीएम लिहिलेलं आहे, पण ते रजिस्ट्रेशन न होता कुणीही लावू शकतो. अर्जाचं स्टेटस होतं ऑब्जेक्टेड, म्हणजे ऑफिसने हरकत घेतलेली, आणि अर्ज होता मालकाच्या स्वतःच्या नावावर, करार करणार होती कंपनी. म्हणजे जे नाव वापरायला आपण ३ लाख देणार ते अजून रजिस्टर नाही आणि करार करणाऱ्याचंपण नाही.

खुश फ्रँचायझीवाल्यांचे पाच नंबर दिले होते, पाचही दुकानं नवी कोरी, मग ते नाराज कशाला असतील. मी गूगल मॅपवर ब्रँडचं नाव टाकून कायमची बंद झालेली दुकानं शोधली आणि जुन्या बोर्डच्या फोटोवरून नंबर घेतला. अमरावतीचे एक दादा भेटायला तयार झाले. त्यांच्या घरी जिन्याखाली ते मशीन चादर टाकून ठेवलेलं आहे. त्यांनी रोजच्या कपांची वही दाखवली, सकाळ, दुपार, संध्याकाळ असे तीन रकाने, आणि मे महिन्याच्या पानांवर दुपारच्या रकान्यात नुसत्या आडव्या रेघा. प्रीमिक्सचा (कंपनीकडूनच घ्यायच्या तयार चहा पावडरीचा) दर कंपनीने वाढवला तेव्हा त्यांनी भांडून पाहिलं, पण करारात लिहिलं होतं "वेळोवेळी ठरेल त्या दराने". वरून त्याच रस्त्यावर कंपनीने दुसरं दुकान दिलं, कारण एरिया फक्त तुमचाच असं कुठंच लिहिलेलं नव्हतं. आमच्या ड्राफ्टमध्येपण दराचं कलम जसंच्या तसं होतं आणि एरियाचं कलम नव्हतंच. मला त्या माणसाचं फार वाईट वाटलं, दीड तास बसून सगळं सांगितलं त्यांनी, काही गरज नसताना.

अमेरिकेत कंपनीला सही आणि पैशाच्या किमान १४ दिवस आधी खुलाशाचं डॉक्युमेंट द्यावंच लागतं, त्यात बंद पडलेल्या दुकानांची माहितीपण असते. आपल्याकडे फ्रँचायझीचा असा वेगळा कायदाच नाही, १८७२ च्या करार कायद्यावर काम चालतं. म्हणजे सही केली की मुख्यतः कागदावर जे आहे तेच धरलं जातं, फोनवर काय बोलले ते सिद्ध करणं अवघड. करारात कोर्ट त्यांच्या शहरातलं, फी कुठल्याही परिस्थितीत परत नाही, आणि करार संपल्यावर दोन वर्षं चहाचा धंदा करायचा नाही. या शेवटच्या अटीवर ओळखीच्या वकीलताई म्हणाल्या की करार कायद्याच्या कलम २७ मुळे (धंदा करण्यावर बंदी घालणारा करार रद्द मानणारं कलम) ती बहुतेक टिकणार नाही, पण ते सिद्ध करायला केस तुम्हालाच लढावी लागेल.

टोकन ५१ हजार मागत होते, रविवारपर्यंत भरा नाहीतर एरिया दुसऱ्याला देऊ. आम्ही भरलं नाही. मेलवर चार गोष्टी मागितल्या आहेत: बंद दुकानांची यादी, दोन वर्षं जुन्या कुठल्याही दुकानाचे जीएसटी रिटर्न, ठरावीक अंतरात दुसरं दुकान देणार नाही असं कलम, आणि प्रीमिक्सच्या दराला वरची मर्यादा. उत्तरात फक्त ब्रोशर परत आलं आहे. चारही गोष्टी लेखी दिल्या तर पेपरचे स्टार वाढवीन, तोवर एकच.