रात्री आंधळा झालेला कॅमेरा: दुरुस्ती, वेगळा आयआर दिवा की रंगीत कॅमेरा?

दिवसा अंगणातले पान न् पान दाखवणारा सीसीटीव्ही कॅमेरा रात्री पांढरे धुके किंवा काळा पडदा दाखवू लागला की घरमालकापुढे साधारणपणे तीन मार्ग असतात. आहे तोच कॅमेरा दुरुस्त करायचा, त्याच्या जोडीला वेगळा आयआर (इन्फ्रारेड, म्हणजे डोळ्यांना जवळपास न दिसणाऱ्या प्रकाशाचा) दिवा लावायचा, किंवा तो काढून रात्रीही रंगीत चित्र देणारा कॅमेरा बसवायचा. दुकानात बहुधा तिसऱ्या मार्गाची शिफारस होते. माझ्या मते मात्र पहिल्या मार्गाची पुरती तपासणी केल्याखेरीज उरलेल्या दोहोंवर पैसे घालू नयेत, कारण रात्रीच्या बहुतेक तक्रारींचे मूळ कॅमेऱ्याबाहेरच सापडते.

चित्र पांढुरके दिसत असेल, तर कॅमेऱ्यातल्या आयआर दिव्यांचाच प्रकाश जवळच्या कशावर तरी आपटून भिंगात परतत आहे असे समजावे. नळकांड्याच्या आकाराच्या बुलेट कॅमेऱ्याच्या तोंडाशी कोळ्याचे जळमट असते, कारण दिव्यांपाशी किडे येतात आणि किड्यांमागे कोळी येतो. कोकणातल्या पावसाळ्यात तर आठवड्याला एकदा कुंचा फिरवावा लागतो. पारदर्शक घुमटात बसवलेल्या डोम कॅमेऱ्यात भिंगाभोवतीची फोमची किंवा रबराची कडी घुमटाला नीट टेकलेली नसली, तर आतल्या आत प्रकाश पसरतो. घुमटावर धूळ, ओरखडे किंवा दव असले तरी हेच होते. कॅमेऱ्याच्या अगदी शेजारी पांढरी भिंत किंवा पन्हळ असेल, तर ती इतकी उजळते की कॅमेरा आपले एक्स्पोजर (चित्रासाठी घेतला जाणारा प्रकाश) कमी करतो आणि मागचे फाटक अंधारात जाते. खिडकीच्या आतून काचेतून बाहेर रोखलेल्या कॅमेऱ्याला यावर इलाजच नाही. त्याचा आयआर बंद करून बाहेर दिवा लावावा लागतो.

चित्र काळे येत असेल, तर भर दिवसा कॅमेऱ्याचे तोंड हाताने झाकून पाहावे. अंधार झाल्याचे समजून कॅमेरा रात्रीच्या मोडमध्ये जातो आणि त्या वेळी आतून बारीक ‘टक्’ असा आवाज यायला हवा. भिंगामागचा, दिवसा आयआर प्रकाश अडवणारा आयआर-कट फिल्टर बाजूला सरकल्याचा तो आवाज असतो. फिल्टर जागच्या जागी अडकला, तर दिवे लागूनही चित्र काळेच राहते. उलट तो बाजूलाच अडकून राहिला, तर दिवसा झाडे आणि काळे कपडे गुलाबी-जांभळट दिसतात. दिवेच लागत नसल्याची शंका असेल, तर रात्री जवळून पाहावे. 850 नॅनोमीटर तरंगलांबीच्या दिव्यांत मंद लाल ठिपके दिसतात. 940 नॅनोमीटरचे दिवे डोळ्यांना दिसत नाहीत, पण बऱ्याच मोबाइलच्या पुढच्या कॅमेऱ्यातून दिसतात. दिवे किंवा फिल्टर खरोखरच गेले असतील आणि वॉरंटी संपली असेल, तर मी दुरुस्तीच्या भानगडीत पडणार नाही. कॅमेरा उघडला की त्याचे पाणी रोखणारे सील पहिल्यासारखे बसणे कठीण असते आणि पुढच्या पावसात आत दमट हवा शिरते.

सर्वांत फसवा दोष विजेचा असतो. दिवसभर नीट चालणारा कॅमेरा अंधार पडताच लुकलुकतो किंवा सारखा बंद होऊन सुरू होतो, याचे कारण दिवे लागताच त्याची विजेची ओढ वाढते हे आहे. 12 व्होल्टची वीज पाव चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या तारेने 30 मीटर नेली, तर जाऊन-येऊन 60 मीटर तारेचा रोध सुमारे 4 ओहम होतो आणि अर्धा अँपिअर प्रवाहाला 2 व्होल्ट वाटेतच संपतात. तार तांब्याचा मुलामा दिलेल्या ॲल्युमिनियमची असेल, तर तूट आणखी वाढते. अशा ठिकाणी अडॅप्टर कॅमेऱ्याजवळ आणावा किंवा जाड तार टाकावी. तोच कॅमेरा पुन्हा पाहू लागतो.

हे सारे ठीक असूनही फाटकापर्यंत प्रकाश पोहोचत नसेल, तेव्हा वेगळ्या आयआर दिव्याचा विचार करावा. अंतर दुप्पट झाले की तितक्याच उजेडासाठी चौपट प्रकाश लागतो, त्यामुळे लांबच्या अंगणात छोट्या कॅमेऱ्याचे दिवे अपुरे पडणे साहजिक आहे. वेगळा दिवा कॅमेऱ्यापासून दोन-तीन मीटरवर लावता येतो, म्हणून किडे दिव्यापाशी जमतात आणि भिंगासमोरचे पावसाचे थेंब चमकत नाहीत. पावसाळी भागात हा फायदा मला पल्ल्याहूनही मोठा वाटतो. घरासाठी 850 नॅनोमीटरचा दिवा घ्यावा, कारण 940 नॅनोमीटरला कॅमेऱ्याचा सेन्सर कमी प्रतिसाद देतो आणि पल्ला घटतो. दिवा लागताच कॅमेरा उजाडले असे समजून दिवस-रात्र मोडमध्ये हेलकावे खाऊ लागला, तर रात्रीच्या मोडची वेळ सेटिंगमध्ये ठरवून द्यावी.

रंगीत कॅमेऱ्याची बाजू एका मुद्द्यावर निर्विवाद वरचढ आहे. आयआर प्रकाशात अनेक काळे कपडे राखाडी किंवा पांढरे दिसतात, त्यामुळे ‘पांढरा सदरा घातलेला माणूस’ हे वर्णन साफ चुकीचे ठरू शकते. रंगीत कॅमेऱ्याचे भिंग मोठ्या छिद्राचे असते, एफ-आकडा जितका लहान तितके छिद्र मोठे, म्हणून एफ/1.0 चे भिंग एफ/2.0 च्या चौपट प्रकाश आत घेते. मात्र प्रकाशच नसेल, तर तेही हतबल असते, आणि मग कॅमेऱ्याचा स्वतःचा पांढरा दिवा रात्रभर जळतो, किडे बोलावतो आणि समोरच्या शेजाऱ्यांची झोप मोडतो. उजेड अपुरा असताना शटर मंदावते आणि चालणारा माणूस फरफटल्यासारखा उमटतो. म्हणून रस्त्याचा दिवा अंगणात पडत असेल किंवा पोर्चचा बल्ब रात्रभर चालू असेल, तरच मी रंगीत कॅमेरा सुचवेन. गडद अंधाराच्या वाडीत एरवी आयआरवर चालणारा आणि माणूस दिसताच पांढरा दिवा लावणारा दुहेरी प्रकाशाचा कॅमेरा अधिक सोयीचा. ज्या रंगीत कॅमेऱ्यात फिल्टर कायमचा बसवलेला असतो, त्याला नंतर आयआर दिवा जोडून काहीही साधत नाही, हे खरेदीपूर्वीच विचारून घ्यावे. चित्रण साठवणारा जुना डीव्हीआर नव्या कॅमेऱ्याचे रिझोल्यूशन घेतो का आणि अडॅप्टर वाढीव दिव्याला पुरतो का, तेही तेव्हाच पाहावे.

गाडीचा नंबर टिपण्यासाठी खर्च करणाऱ्यांची मात्र तिन्ही मार्गांनी निराशा होण्याची शक्यता आहे. 1 एप्रिल 2019 पासून नव्या वाहनांना सक्तीच्या झालेल्या उच्च सुरक्षा पाट्या प्रकाश आल्या दिशेने परत फेकतात, त्यामुळे आयआरमध्ये आकड्यांच्या जागी पांढरा चौकोन उमटतो. त्यासाठी शटर वेगवान ठेवलेला, फक्त फाटकावर रोखलेला स्वतंत्र कॅमेराच लागतो.

यांपैकी कोणताही मार्ग निवडला, तरी बसवणाऱ्याला अंधार पडल्यावर यायला सांगावे आणि घरातल्या कोणाला तरी फाटकापासून दारापर्यंत चालायला लावून, ते चित्रण डीव्हीआरमधून पुन्हा लावून पाहिल्यावरच त्याचे पैसे चुकते करावेत.