४९९९ क्रमांकाचे खोके

बेळगावच्या उद्यमबागेतील एका कारखान्यात मी मालाच्या तपासणीचे काम करतो. ओतकामातून आलेला भाग लेथवरून उतरला की त्याची मापे घ्यायची, नकाशाशी ताडून पाहायची आणि बसत नसेल तर तो बाजूला काढायचा, हे माझे गेल्या अठरा वर्षांचे काम आहे. असे असूनही गेल्या पावसाळ्यात मी एक खोके आतला माल न तपासता विकत घेतले आणि त्यापायी २८,५०० रुपये गमावले. निपाणी, चिकोडी, खानापूर या भागांत लेगोचे, म्हणजे एकमेकांवर बसणाऱ्या प्लास्टिकच्या ठोकळ्यांचे, जुने आणि वेगळ्या वाटेचे सेट जमवणारी दहाबारा मंडळी माझ्या ओळखीची आहेत. त्यांच्यापैकी कोणी उद्या याच सापळ्यात सापडू नये, म्हणून घडले ते सविस्तर लिहितो आहे.

लेगो म्हटले की लोकांना मुलांच्या गाड्या आणि किल्ले आठवतात, परंतु संग्राहकाचे मन ज्यांत अडकते ते सेट निराळेच असतात. डेन्मार्कमधील बिलुंडच्या या कंपनीने आजच्या ठोकळ्याच्या पेटंटसाठी २८ जानेवारी १९५८ रोजी अर्ज केला, आणि तेव्हाचा ठोकळा आजच्या ठोकळ्यावर अजूनही घट्ट बसतो. एवढ्या वर्षांत कंपनीने काही सेट एखाद्या उद्योगासाठीच काढले, तर काही तयार करूनही मागे घेतले. मर्स्क या जहाज कंपनीची मालवाहू जहाजे पाहून काही संग्राहक म्हणतात की दुसऱ्याच्या जाहिरातीसाठी आपण पैसे का मोजावेत. त्यावर इतरांचे उत्तर असे, की त्या जुन्या जहाजांचा फिकट निळा रंग अन्य सेटमध्ये क्वचितच सापडतो आणि तेवढ्यासाठी ती घ्यावीत. २०२० मध्ये ऑस्प्रे या विमानाचा ४२११३ क्रमांकाचा सेट विक्रीच्या तोंडावर रद्द झाला, कारण हे विमान मुख्यतः लष्कराच्या वापरातले आहे आणि खऱ्या लष्करी वाहनांचे सेट न काढण्याचे कंपनीचे धोरण आहे. काही खोकी मात्र तोपर्यंत दुकानांत पोहोचली होती. ती मिळवणे म्हणजे भाग्य, असे मानणारे आहेत. कंपनीने जे स्वतःहून मागे घेतले ते मिरवू नये, असे म्हणणारेही आहेत, आणि मला त्यांचे म्हणणे पटते.

सर्वांत मोठा वाद ताजमहालाचा. २००८ सालचा ५,९२२ तुकड्यांचा ताजमहाल विक्रीतून गेल्यावर त्याचा भाव चढत गेला. मग २०१७ मध्ये कंपनीने तोच ५,९२३ तुकड्यांचा करून पुन्हा बाजारात आणला आणि ज्यांनी जुना चढ्या भावाने घेतला होता त्यांच्या सेटचा भाव एकदम खाली आला. तेव्हापासून आमच्यात दोन तट आहेत. जुन्या खोक्याचा मान जुन्यालाच, असे एक तट म्हणतो. दुसरा म्हणतो की जोडून झाल्यावर दोन्ही सारखेच दिसतात, मग क्रमांकासाठी जादा पैसे देऊ नयेत. मी पहिल्या तटातला होतो आणि माझ्या फसवणुकीचे मूळ तिथेच आहे.

मला हवी होती पवनचक्की. व्हेस्टास या पवनचक्क्या बनवणाऱ्या कंपनीसाठी लेगोने २००८ मध्ये ४९९९ क्रमांकाचा ८१५ तुकड्यांचा सेट काढला होता, जो सर्वसामान्य दुकानांत विक्रीला आलाच नाही. २०१८ मध्ये तीच पवनचक्की १०२६८ या क्रमांकाने, ८२६ तुकड्यांची, सर्वांसाठी निघाली. जोडल्यावर ती सुमारे मीटरभर उंच होते आणि मोटर लावली की पाती फिरतात. नव्या सेटमधील सूचिपर्णी झाडे उसापासून केलेल्या प्लास्टिकची आहेत, ही गोष्ट ऊस पिकवणाऱ्या आमच्या भागातील माणसाला विशेष जवळची वाटते. लहानपणी सौंदत्तीला यल्लम्माच्या दर्शनाला जात असे आणि पुढे त्याच माळावर पवनचक्क्या उभ्या राहिलेल्या पाहिल्या, तेव्हापासून हा सेट माझ्या मनात होता. निपाणीच्या माझ्या मित्राने मला बजावले होते, “अरे, २०१८ चाच घे. ताजमहालाचे काय झाले ते विसरलास काय? तुला पवनचक्की पाहिजे की आकडा पाहिजे?” मला आकडाच पाहिजे होता.

भारतात असे सेट मिळणे आधीच अवघड. खेळण्यांवरील आयात शुल्क २०२० मध्ये २० वरून ६० टक्क्यांवर आणि २०२३ मध्ये ७० टक्क्यांवर गेले; शिवाय १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांवर भारतीय मानक ब्यूरोचे चिन्ह सक्तीचे आहे. त्यामुळे जुना सेट हवा असणारा माणूस ओळखीपाळखीतून, कोणाच्या घरातून काही निघते का, याची वाट पाहत बसतो. अशी वाट पाहणारा माणूस हेरणे फसवणाऱ्याला सोपे जाते.

जुलैच्या पहिल्या आठवड्यात मला एका अनोळखी क्रमांकावरून संदेश आला. त्या गृहस्थाने स्वतःला मूळचा खानापूरकडचा आणि सध्या कोल्हापुरात राहणारा म्हणून सांगितले. त्याचा थोरला भाऊ पवनचक्क्यांच्या देखभालीच्या कामावर होता, तिथे त्याला हा सेट भेट मिळाला आणि आता भाऊ राहिला नाही, असे त्याचे म्हणणे होते. फोनवरची त्याची बोली अस्सल आमच्याकडची, म्हणजे बेळगावच्या शहापूर भागातली, होती. “शहापूरचे म्हणजे आमचेच की हो दादा तुम्ही. आपल्या माणसाला मी फसवीन काय?” हे वाक्य तो ज्या सुरात बोलला, तो सूर मी घरात, गल्लीत, बाजारात रोज ऐकतो. आपली भाषा बोलणारा माणूस म्हटला की आम्हा सीमाभागातील लोकांचे मन लगेच मोकळे होते. त्याच्याकडून पावती मागणे, ओळखपत्र मागणे मला संकोचाचे वाटले आणि मी ते मागितले नाही.

तो सेटविषयीही जाणकारासारखा बोलत होता. “पाती फिरायला लागली की घरात वारा आल्यासारखे वाटते, ते सुख नव्या खोक्यात नाही,” असे त्याने लिहिले, तेव्हा समानधर्मी भेटल्याचा मला आनंद झाला. ते वाक्य माझेच होते, हे मला फार उशिरा कळले. त्याच्या दोन महिने आधी संग्राहकांच्या एका मोबाइल गटात मीच ते लिहिले होते. मला काय हवे आहे, किती हवे आहे आणि मी कोणत्या तटातला आहे, हे सारे त्याने माझ्याच शब्दांतून वेचून ठेवले होते.

माझे नाव आणि तारीख लिहिलेली चिठ्ठी खोक्यावर ठेवून छायाचित्र पाठवावे, असे मी सांगितले आणि त्याने ते पाठवले. चिठ्ठी पाहून मी निर्धास्त झालो. पुढे तेच छायाचित्र मोठे करून पाहिले, तर खोक्याची सावली डावीकडे पडलेली होती आणि चिठ्ठीला सावलीच नव्हती. ती संगणकावर चिकटवलेली होती. नुसते छायाचित्र पुरेसे नाही. समोरच्याने व्हिडिओ कॉलवर खोके हातात घेऊन फिरवून दाखवावे, आणि ते उघडलेले असेल तर दोनचार ठोकळे कॅमेऱ्याजवळ धरावेत, एवढा आग्रह धरायलाच हवा.

प्रथम ८,००० रुपये विसार म्हणून गेले, कुरिअर केल्याची पावती आल्यावर १४,५०० रुपये गेले आणि दोन दिवसांनी ‘किमती वस्तूचा विमा’ म्हणून ६,००० रुपये गेले. तिन्ही रकमा मी स्वतः यूपीआयने पाठवल्या आणि तिन्ही वेळा खाते वेगळे होते. कारण विचारल्यावर, एक खाते बायकोचे आणि एक मेहुण्याचे, असे उत्तर आले. एकाच व्यवहारासाठी दुसरे खाते पुढे आले तेव्हाच मी थांबायला हवे होते.

नवव्या दिवशी खोके आले. बाहेरून ४९९९ हा आकडा होता, पण छपाई फिकट होती आणि अक्षरांच्या कडा फुटलेल्या होत्या. मी एक ठोकळा उचलून भिंगाखाली धरला. अस्सल ठोकळ्याच्या वरच्या प्रत्येक उंचवट्यावर कंपनीचे नाव उठावाने असते. इथे सारे उंचवटे कोरे होते. साच्याचे दोन भाग जुळतात त्या रेषेवर प्लास्टिकची पातळ कड बाहेर सुटलेली होती, जिला आम्ही ओतकामात फ्लॅश म्हणतो आणि घासून काढल्याशिवाय माल पुढे पाठवत नाही. दुसऱ्या दिवशी मायक्रोमीटर घरी आणून दोन-बाय-चारचे वीस ठोकळे मोजले. अस्सल ठोकळ्याची लांबी ३१.८ मिलिमीटर असते आणि माझ्याकडचे जुने ठोकळे त्या आकड्याला चिकटून होते. या वीसांत मात्र ३१.७ पासून ३१.९ पर्यंत सगळे काही होते, त्यामुळे काही ठोकळे जोडले की सुटत नव्हते आणि काही बोटाच्या धक्क्याने गळून पडत होते. झाडाचे टोक मुलाने नुसते वाकवून पाहिले तर ते कट्कन मोडले; उसाच्या प्लास्टिकचे अस्सल झाड मात्र मऊ असते आणि वाकते.

तरीही ही नक्कल नेमकी कशाची, हे ठरायचे होते. पुस्तिकेच्या शेवटी तुकड्यांची यादी असते आणि प्रत्येक तुकड्याखाली त्याची संख्या छापलेली असते. रात्री जेवण झाल्यावर मुलगा आकडे वाचत गेला आणि मी बेरीज करत गेलो. बेरीज ८२६ आली. म्हणजे २०१८ च्या सेटची नक्कल २००८ च्या नावाने छापलेल्या खोक्यात भरून मला विकली गेली होती. विकत घेण्यापूर्वी यादीच्या पानांची छायाचित्रे मागितली असती, तर ही बेरीज पैसे देण्याआधीच करता आली असती, आणि म्हणून प्रत्येक संग्राहकाने ती पाने आधी मागावीत असे मी मुद्दाम सांगतो.

यानंतर मी जी चूक केली ती अधिक महागात पडली. लाजेपोटी आणि तो गृहस्थ काहीतरी खुलासा करील या आशेने मी चार दिवस घालवले. शिवाय, माणूस महाराष्ट्रातला आणि मी कर्नाटकातला, तेव्हा तक्रार कोल्हापुरात करायची की बेळगावात, या विचारातही वेळ गेला. हद्दीचा हा प्रश्न आमच्या मनात कायमच असतो. प्रत्यक्षात १९३० हा सायबर फसवणुकीचा क्रमांक देशभर एकच आहे आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या फौजदारी प्रक्रिया कायद्याच्या कलम १७३ नुसार गुन्हा कोणत्याही हद्दीत घडला असला तरी त्याची माहिती कुठल्याही पोलीस ठाण्यात देता येते. मी अखेर तक्रार नोंदवली तेव्हा पहिल्या दोन रकमा पुढच्या खात्यांत आणि तिथून आणखी पुढे गेल्या होत्या. शेवटचे ६,००० रुपये तेवढे त्या खात्यात अडवून ठेवल्याचे मला कळवण्यात आले; ते अजून हाती आलेले नाहीत. पैसे अडवले जाण्याची शक्यता पहिल्या काही तासांतच सर्वांत जास्त असते, म्हणून फसल्याचे ध्यानात येताच, रात्र असली तरी, १९३० ला फोन लावावा आणि व्यवहाराचे क्रमांक, संदेश, छायाचित्रे यांतले काहीही पुसू नये. खोके आणि त्यातला प्रत्येक तुकडा मी तसाच जपून ठेवला आहे.

गेल्या महिन्यात निपाणीच्या त्या मित्राचा फोन आला. त्याला एका नव्या क्रमांकावरून ४९९९ च्या खोक्याचे छायाचित्र आले होते आणि ते त्याने मला पाठवले. खोक्याचा उजवीकडचा खालचा कोपरा फाटलेला, मागे लोखंडी रॅक आणि त्यावर निळ्या फुलांचा पडदा. मला आलेले छायाचित्र हेच होते. या वेळी सेट भावाचा नसून वारलेल्या काकांचा होता आणि विकणारा चंदगडकडचा होता. मित्राने त्याच्याकडे पुस्तिकेच्या शेवटच्या पानांचे छायाचित्र मागितले. त्यानंतर त्या क्रमांकावरून उत्तर आलेले नाही. ते छायाचित्र अजून फिरत असणार, तेव्हा कोणाकडे आले तर त्या फाटक्या कोपऱ्यावरून ते ओळखावे.