एअर फ्रायर ओव्हन घेताय? आधी पंखा कुठे आहे ते बघा

ओटीजीच्या, म्हणजे ओव्हन-टोस्टर-ग्रिलच्या, खोक्यांवर हल्ली सर्रास ‘एअर फ्राय’ छापलेलं असतं. त्यातल्या बऱ्याच ओव्हनमध्ये जुनाच कन्व्हेक्शन पंखा (आतली गरम हवा फिरवणारा) असतो आणि सोबत एक जाळीची टोपली दिलेली असते. फिलिप्सने 2010 मध्ये एअरफ्रायर बाजारात आणला, त्याची सगळी गंमत छोट्या बंदिस्त भांड्यात जोरात फिरणाऱ्या हवेत होती. पदार्थाच्या अंगावरची वाफ जितक्या लवकर उडेल तितका तो कुरकुरीत होतो. तीच हवा 30 लिटरच्या पेटीत संथ फिरली, की वडी भाजली जाते पण तळल्यासारखी लागत नाही.

म्हणून दुकानात दार उघडा, मोबाइलचा टॉर्च लावा आणि वर बघा. छतात जाळीमागे पंखा आणि त्याच्या लगत तापणारी कॉइल दिसली, तर हवा थेट पदार्थावर येणार. पंखा बाजूच्या किंवा मागच्या भिंतीत असेल आणि वर-खाली नुसते रॉड असतील, तर तो बहुधा साधा कन्व्हेक्शन ओटीजी. वस्तू वाईट नाही, बिस्किटांना उत्तमच. फक्त ‘एअर फ्राय’चे जास्तीचे पैसे त्याला देऊ नका.

दुसरा हिशेब वॅट भागिले लिटर. टोपलीवाला 4 लिटरचा फ्रायर 1400 वॅटचा असला, तर लिटरमागे 350 वॅट पडतात. 12 लिटरचा ओव्हन 1500 वॅटचा असेल तर 125, आणि 25 लिटरचा 1600 वॅटचा असेल तर 64. साठाच्या खाली गेलात की फ्राइज मऊच राहणार असं धरून चाला. 45 लिटर आणि 2000 वॅट हे समीकरण केक, पाव, पिझ्झा यांच्यासाठी आहे.

वॅटवरून आठवलं, प्लग. साध्या 6 अँपिअरच्या पॉइंटवर 230 व्होल्टला जेमतेम 1380 वॅट चालतात. 1600 वॅटचा ओव्हन 7 अँपिअर ओढतो, त्यामुळे त्याला जाड पिनांचा 16 अँपिअरचा पॉवर पॉइंटच लागतो. जाड पिनांचा प्लग साध्या पॉइंटवर बसवणारा कन्व्हर्टर लावून मिक्सरच्या बोर्डात खुपसला, की आधी प्लग तापतो, मग प्लास्टिक वितळल्याचा वास येतो. बॉडी धातूची असते, तेव्हा अर्थिंग नीट आहे का हेही वायरमनकडून बघून घ्या. ओट्यावर मागे आणि बाजूंना निदान 10 सेंटिमीटर जागा सोडा, वर काहीही ठेवू नका.

चौघांच्या घराला 20 ते 28 लिटर पुरतात. पण लिटरवर विसंबू नका, नेहमीचा 8 इंची केकचा डबा आत ठेवून दार लावून बघा. मधल्या कप्प्यात ठेवल्यावर वरच्या कॉइलपासून 4-5 सेंटिमीटर अंतर उरलं नाही, तर फुगलेला केक वरून करपतो. केक-नानकटाईला पंखा बंद करता येतो का, हेही विचारा. काही मॉडेलमध्ये तो बंदच होत नाही, मग केक वरून लवकर सुकतो आणि मधोमध तडकतो.

नॉब की डिजिटल? डिजिटलमध्ये तापमान सहसा जास्त नेमकं राहतं. पण वीज गेली की बऱ्याच मॉडेलमध्ये सेटिंग पुसलं जातं. नॉबवाल्याचा स्प्रिंगचा टायमर वीज नसतानाही टिकटिकत राहतो आणि घंटी वाजते तेव्हा आतला पदार्थ कच्चा असतो. लोडशेडिंगच्या गावात दोन्हींचा त्रास आहे, फक्त वेगवेगळा.

घरी आणल्यावर खिडकी उघडून, रिकामाच 20 मिनिटं पूर्ण तापमानावर चालवा. रॉडवरचं संरक्षक तेल जळून थोडा धूर येतो. मग जाळीभर ब्रेडच्या स्लाइस लावून 180 अंशांवर भाजा. एका कोपऱ्यातल्या स्लाइस काळ्या आणि दुसऱ्यातल्या पांढऱ्या राहिल्या, तर बदलून घेण्याची मुदत संपायच्या आत दुकान गाठा. किरकोळ फरक असेल तर अर्ध्या वेळात ट्रे फिरवला की भागतं.

आता आपले पदार्थ. उकडलेली कोथिंबीर वडी, अळूवडी झकास होते: सेंटिमीटरभर जाड काप, दोन्ही बाजूंनी तेलाचा ब्रश, ओव्हन 8-10 मिनिटं आधी तापवलेला, 200 अंशांवर 12 ते 15 मिनिटं, मध्ये एकदा उलटवायचे. रवा लावलेली सुरमई याच मापाने होते, मात्र रव्याला तेल लावलं नाही तर तो पांढरा, कोरडा राहतो. कापांमध्ये बोटभर अंतर ठेवा. एकावर एक रचले की वाफेत मऊ पडतात. भजी आणि बटाटेवडा मात्र विसरा. ओलं बेसन जाळीतून खाली गळतं आणि आवरण धरतच नाही. चिवड्याचे पातळ पोहे जोराच्या हवेत उडून कॉइलवर जाऊन जळतात, सुटा बटर पेपरही तसाच. पेपर वजनाखाली दाबूनच वापरा, आणि जाळीची सगळी भोकं झाकू नका, नाहीतर खालून हवाच लागणार नाही.

टोपलीखाली ट्रे ठेवायला विसरलात तर तेल खालच्या रॉडवर पडून स्वयंपाकघर धुराने भरतं. चुऱ्याच्या ट्रेवर फॉइल अंथरायची युक्ती टाळा. ती उष्णता परत वर फेकते आणि रॉडला टेकली तर आणखी पंचाईत.

साफसफाईत टोपलीवाला फ्रायर सरळ जिंकतो, त्याचं भांडं सिंकमध्ये घासता येतं. दोघातिघांच्या घरात केक होतच नसेल, तर तोच घ्या. ओव्हनमध्ये तेलाचे शिंतोडे छतातल्या जाळीवर बसतात आणि दर वेळी तापून चिकट, तपकिरी होतात. पुढच्या वेळचा जळका वास तिथूनच येतो. गार झाल्यावर खाण्याच्या सोड्याची पेस्ट लावून ओल्या फडक्याने पुसायचं, कॉइलवर पाणी उडवायचं नाही. ही जाळी स्क्रूने निघते की रिव्हेटने ठोकलेली आहे, हे पैसे देण्याआधी बघून घ्या.