दीड लाखाचं रंधा मशीन घरी ठेवावं का? पावसाळा काढल्यानंतरचं मत

मशीन बंद पडलं नसतं तर हे लिहायला बसलोच नसतो. बटण दाबलं की नुसतं हूं करतं, पाती बसवलेला ड्रम जागचा हलत नाही आणि पाठोपाठ एमसीबी, म्हणजे वीज तोडणारा स्विच, पडतो. ज्याने घरची पाण्याची मोटर सांभाळली आहे त्याला एवढ्यावरून अंदाज येतो: मोटरला सुरुवातीचा धक्का देणारा कंडेन्सर गेला. कंपनीच्या सर्व्हिसवाल्याला मात्र व्हिडिओ पाठवूनही कळलं नाही. 'सर, मोटर कम्प्लीट बदलावी लागेल, आणि इलेक्ट्रिकल पार्ट वॉरंटीत येत नाहीत.' मोटरचा जो भाव त्याने सांगितला त्यात बऱ्यापैकी सेकंडहँड स्कूटर येते. बाहेर उघडली तर वॉरंटी जाईल, अशी वर तंबी. कुठली वॉरंटी, साहेब? आत्ताच नाही म्हणालात ना?

मशीन म्हणजे दहा इंची कॉम्बिनेशन, वर सरफेस (फळीची एक बाजू सरळ करायला), खाली थिकनेस (फळी सारख्या जाडीची करायला), तीन एचपी, सिंगल फेज, स्पायरल ड्रम. बाकीचे आकडे कॅटलॉगमध्ये आहेत, ते उगाळत नाही. नाशिकच्या सिडकोतल्या रो-हाऊसच्या पार्किंगमध्ये ते बसवलंय. गाडी तेव्हापासून रस्त्यावर, आणि त्याबद्दल घरात जे ऐकावं लागतं ते किमतीत धरलेलं नाही.

आता भुशाच्या तोंडाबद्दल. हा मुद्दा मी सोडणार नाही. मशीनचं भुसा बाहेर काढायचं तोंड आहे बाहेरून १०० मिलिमीटर. आपल्याकडे पीव्हीसी पाइप मिळतो ६३, ७५, ९०, ११० असा, आणि हे माप पाइपच्या बाहेरचं. म्हणजे ११०चा पाइप तोंडावर चढवला तर आतून पाचेक मिलिमीटर सैल, आणि ९०चा तर चढतच नाही. दीड लाख घेताना यांना शंभर रुपयांचा रबरी बूश देता येत नाही? डीलरला विचारलं तर 'सर, टेप मारा.' मारला. पहिल्याच सागाच्या फळीला टेप सुटला आणि शेजारच्या वहिनींच्या वाळत घातलेल्या साड्यांवर छिलका. शेवटी सायकलची जुनी ट्यूब कापून तोंडावर गुंडाळली, वर पाइप दाबून बसवला, क्लिप आवळली. झालं काम. पण मी का करायचं?

तुम्ही म्हणाल एका तोंडाचं एवढं काय. रंध्याचा छिलका भसाभस येतो, तो उचलायला हवेचा भरपूर लोट लागतो. घरचा व्हॅक्यूम क्लीनर ओढतो जोरात, पण त्याच्या बारीक नळीत छिलका लगेच तुंबतो. बारीक धूळ तर वेगळीच भानगड. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने लाकडाच्या धुळीला १९९५ साली पहिल्या गटात, म्हणजे माणसाला कर्करोग होऊ शकतो हे सिद्ध झालेल्या पदार्थांत टाकलंय. तेव्हा धूळ ओढणारं यंत्र आणि मास्क हा खर्च मशीनच्या किमतीतच धरा. मी तो आधी धरला होता, फक्त ट्यूब धरली नव्हती.

इथपर्यंत लिहून ठेवलं तेव्हा मत असं होतं की घरच्या कामाला हा फाजील खर्च आहे. मग सातपूरच्या एका रिवाइंडिंगवाल्याकडे, म्हणजे मोटर दुरुस्त करणाऱ्याकडे, मोटर नेली. त्याने कंडेन्सर काढून मीटर लावला, मान हलवली, दुसरा बसवला. तीन आकडी बिल, त्यात चहासुद्धा त्यानेच पाजला. मशीन सुरू झालं आणि राग उतरला. म्हणून आता दुसरी बाजू.

जुन्या नाशकात, पंचवटीत वाडे उतरवले जातात तेव्हा खांब, तुळया, कडीपाटाच्या, म्हणजे जुन्या लाकडी छताच्या, फळ्या निघतात. सागवान, कित्येक दशकं वाळलेलं. नवा माल श्रावणात फुगतो तसा हा फारसा हलत नाही. अडचण खिळ्यांची. वखारवाला नवा माल रंधून देतो, दरही परवडतो, पण खिळ्याचा माल मशीनवर घेतच नाही, आणि त्याचं बरोबर आहे. त्याच्या ड्रमला लांब सरळ पाती. एका खिळ्याने पात्याला खाच पडली की पुढच्या प्रत्येक फळीवर तेवढी रेघ उठणार. पाती काढा, धार लावून आणा, परत समपातळीत बसवा, यात त्याचा अर्धा दिवस जातो.

स्पायरल ड्रमवर कार्बाइडचे छोटे चौकोनी तुकडे असतात. त्याचे जादा पैसे देताना मी डीलरकडे संशयानेच बघितलं होतं. मशीन आल्यावर काही दिवसांतच एका कडीत मोडका खिळा राहिला होता, डोकं गेलेलं, आत रुतलेला. टक् असा आवाज. एका तुकड्याची धार उडाली. स्क्रू सैल केला, तुकडा पाव फेरा फिरवला, नवी धार समोर, पुन्हा काम सुरू. चार बाजू संपेपर्यंत तोच तुकडा चालतो. शिवाय सागात सिलिका असते, साध्या पोलादी पात्याची धार ती लवकर खाते, कार्बाइड टिकतं. माझ्या मते या मशीनमध्ये पैसा वसूल होतो तो इथेच. हातात धरायचा मेटल डिटेक्टर मात्र हवाच, आणि प्रत्येक फळीवर दोन्ही बाजूंनी फिरवायला हवा.

नुसता थिकनेसर घेऊ का, स्वस्तात बसतो, असं एका मित्राने विचारलं. पीळ पडलेली फळी त्याने सरळ होत नाही. रोलर तिला दाबून सपाट करतात, बाहेर आली की बाक परत हजर. फळी पातळ होते, वाकडी ती वाकडीच. आधी एक बाजू सरफेसवर सरळ करावी लागते, किंवा फळीखाली पाचरी देऊन ती पाटावर पक्की करून सरकवावी लागते. नवाच माल वापरणार असाल तर यातलं काही घेऊ नका, वखारीतून रंधून आणा.

किरकोळ: बी प्रकारचा एमसीबी सुरुवातीच्या झटक्याला पडतो, सी प्रकारचा बसवा आणि वायर जाड ओढा. मे महिन्यात संध्याकाळी गल्लीतले एसी सुरू झाले की व्होल्टेज पडतं, तेव्हा जड काम नको. पावसाळ्यात बिडाच्या टेबलावर रातोरात गंज चढतो. तेल लावलं तर लाकडाला डाग पडतात, मेण बरं. छिलका मावसभावाच्या पोल्ट्रीत जातो, पण रंग दिलेल्या लाकडाचा नाही. जुन्या ऑइलपेंटात शिसं असू शकतं.

आता सगळे विचारतात, पुढे टेबल सॉ, म्हणजे टेबलात बसवलेली गोल करवत, घेणार का. नाही. उभं फाडायचं काम साफ केलेला माल असेल तर वखारीत होतं, आणि प्लायला माझ्याकडे हातातली सर्क्युलर सॉ आहे. तिला सरळ चालवायला अ‍ॅल्युमिनियमचा बॉक्स सेक्शन, म्हणजे चौकोनी पोकळ पट्टी, लावतो. तो अंबडला भंगारात वजनावर मिळाला.