हापूसचा एक हंगाम नव्या होस्टिंगवर: वापरानंतरचा अनुभव

दिवाळीनंतर होस्टिंग (वेबसाइट ठेवायला भाड्याने घेतलेली सर्व्हरवरची जागा) बदललं, आंब्याचा पूर्ण हंगाम त्यावर काढला. आता पाऊस लागलाय, बागेत काम कमी आहे, म्हणून सविस्तर लिहितोय. देवगडजवळ आमची कलमं आहेत. बराचसा माल वाशीच्या घाऊक बाजारात जातो, पण काही पेट्या वेबसाइटवरून थेट मुंबई-पुण्यातल्या घरी पाठवतो. साइट वर्डप्रेस (साइट बनवायचं सॉफ्टवेअर) आणि वूकॉमर्सवर (त्यावर दुकान चालवायचं जोड-सॉफ्टवेअर) आहे. कंपनीचं नाव मुद्दाम देत नाही. एकाच कंपनीच्या स्वस्त आणि त्यावरच्या प्लॅनमध्ये इतका फरक असतो की नुसत्या नावावरून काही कळत नाही.

जुन्या होस्टिंगबद्दल एरवी तक्रार नव्हती, कारण एरवी आमच्याकडे विकायलाच काही नसतं. खरी परीक्षा गुढीपाडवा ते अक्षय्य तृतीया. भाव ठरला, व्हॉट्सॲपवर लिंक गेली की सगळं गिऱ्हाईक एकदम साइटवर, आणि साइटवर '५०८ रिसोर्स लिमिट', म्हणजे प्लॅनची मर्यादा संपल्याचा एरर. परळच्या एका काकांचा लगेच फोन: "सायट उघडना नाय, आंबे संपले काय रे?"

स्वस्त शेअर्ड प्लॅनच्या (एकाच सर्व्हरवर अनेकांच्या साइट) जाहिरातीत जागा 'अनलिमिटेड', बँडविड्थ 'अनलिमिटेड' असं लिहिलेलं असतं. पण प्रोसेसर, रॅम आणि एका वेळी किती विनंत्या चालतील याला मर्यादा असतेच. सीपॅनेलमध्ये (होस्टिंग सांभाळायच्या पानावर) एका वेळच्या विनंत्यांची मर्यादा 'एंट्री प्रोसेसेस' या नावाने दिसते. पहिलं पान कॅशमधून (आधीच तयार ठेवलेल्या प्रतीतून) जातं, त्यामुळे कितीही माणसं आली तरी चालतं. कार्ट आणि चेकआउट मात्र प्रत्येकाचं वेगळं, ते कॅश करता येत नाही, दर वेळी पीएचपी (साइट चालवणारा प्रोग्रॅम) आणि डेटाबेसला काम पडतं. म्हणजे आंबे बघणारे सुखात, पैसे भरणारे अडकलेले. त्यामुळे नवीन प्लॅन घेताना प्रत्येक कंपनीच्या सेल्सवाल्याला मी एवढंच विचारलं: एंट्री प्रोसेसेस किती, रॅम किती? दोघांना उत्तर देता आलं नाही, ते तिथेच बाद.

या हंगामात ५०८ दिसला नाही. पाडव्याच्या आदल्या रात्री चेकआउट थोडं रेंगाळलं, पण ऑर्डर पडत राहिल्या.

दुसरा फरक सर्व्हर मुंबईत असण्याचा. अमेरिकेतल्या सर्व्हरपर्यंत जाऊन यायला २०० मिलिसेकंदांहून जास्त लागतात आणि एका पानासाठी अशा खेपा बऱ्याच होतात. गिऱ्हाईक सगळं इथलंच असेल तर पैसे देऊन तो वेळ का वाया घालवा? तरी खरं सांगायचं तर साइट सगळ्यात जास्त हलकी झाली ती फोटो लहान केल्यावर. मोबाइलमधून काढलेला चार-पाच एमबीचा पेटीचा फोटो तसाच चढवला तर कुठलंही होस्टिंग काय करणार.

ईमेलने मात्र डोकं उठवलं. ऑर्डर मिळाल्याचे मेल लोकांच्या स्पॅममध्ये जात होते. जीमेलने २०२४ पासून नियम कडक केलेत, डोमेनला (साइटच्या नावाला) एसपीएफ किंवा डीकेआयएम, म्हणजे मेल खरंच आपल्याकडूनच आल्याची खूण, लावलेलं नसेल तर मेल पोचण्याचा भरवसा नाही. नव्या सपोर्टने चॅटवर दोन्ही करून दिलं, पण मी विचारल्यावर. आपणहून कुणी सांगत नाही. चॅटवर रात्रीसुद्धा माणूस भेटतो, हे मी किमतीपेक्षा मोठं मानतो, कारण आमच्या ऑर्डर जेवणानंतरच येतात. '९९.९ टक्के अपटाइम' (साइट चालू राहण्याची हमी) हे आकर्षण मला नाही. त्या हिशोबातही वर्षाला पावणेनऊ तास साइट बंद राहू शकते, आणि ते अक्षय्य तृतीयेच्या आदल्या दिवशी गेले तर भरपाई म्हणून फार तर होस्टिंगच्या भाड्यातले थोडे पैसे परत मिळतात. आंब्याचे नाही.

बॅकअप रोज होतो असं लिहिलेलं असतं. जूनमध्ये साइट रिकामी असताना एका सबडोमेनवर (त्याच डोमेनखालच्या वेगळ्या पत्त्यावर) तो परत चढवून पाहिला. फाइल आणि डेटाबेस दोन्ही नीट आले, पैसे लागले नाहीत. काही ठिकाणी याचे वेगळे पैसे घेतात, आधी विचारा. एक प्रत मी स्वतःच्या हार्ड डिस्कवरही ठेवतो.

नाराजी किमतीबद्दल. मोठ्या अक्षरातला महिन्याचा दर तीन-चार वर्षांचे पैसे एकदम भरले तरच मिळतो, त्यावर १८ टक्के जीएसटी, आणि नूतनीकरणाला तोच प्लॅन दुपटीच्या वर. मी एकच वर्ष घेतलंय. महिन्याच्या बिलावरचा व्हीपीएस (सर्व्हरचा आपल्यापुरता राखीव भाग) घेऊन फक्त हंगामात रॅम वाढवायची, हाही पर्याय पाहिला. पण तिथे सर्व्हरची देखभाल आपल्याच गळ्यात येते, आणि एप्रिलमध्ये मी पेट्या भरू की अपडेट करू?

डोमेन वेगळ्या कंपनीकडे, माझ्या नावावर आणि माझ्या ईमेलवर आहे. होस्टिंग बदलताना फक्त डीएनएस (डोमेन कुठल्या सर्व्हरकडे न्यायचं ती नोंद) बदलावा लागला. आमच्याकडच्या बऱ्याच होमस्टेवाल्यांचं डोमेन साइट करून देणाऱ्या मुलाच्या नावावर असतं, तो नोकरीला लागला की फोन उचलत नाही. तुमचं कुणाच्या नावावर आहे ते डोमेन कंपनीच्या खात्यात शिरून आधी बघा, होस्टिंगचे भाव नंतर.