जाड मांजराचं वजन उतरवायचंय: तेच खाणं मोजून, डाएट फूड, पाऊच की घरचं?

नसबंदी झालेली, फ्लॅटच्या बाहेर पाऊल नाही आणि ड्राय फूडचा वाडगा दिवसभर भरलेला. या तीन गोष्टी जुळून आल्या की मांजराचं वजन घरच्यांच्या लक्षातही न येता चढत जातं. नसबंदीनंतर शरीराची ऊर्जेची गरज साधारण पाव हिश्श्याने घटते आणि भूक मात्र वाढते. पाहुणे 'किती गुबगुबीत!' म्हणून कौतुक करतात. मग लसीच्या वेळी डॉक्टर काट्यावर ठेवतात आणि सांगतात, वजन उतरवा.

उतरवायचं कसं, यासाठी बहुतेक घरांसमोर चार वाटा असतात: आहे तेच खाणं मोजून देणं, वजन कमी करण्यासाठी बनवलेलं डाएट फूड आणणं, पाऊचमधल्या ओल्या खाण्यावर जाणं, किंवा घरी शिजवून घालणं. तुलना नीट व्हावी म्हणून एकच उदाहरण धरू या. सहा किलोचा, नसबंदी झालेला, घरातच राहणारा बोका. योग्य वजन साडेचार किलोच्या आसपास.

आधी एक धोका, मग निवड

जेवण बंद करणं हा पाचवा पर्याय होऊ शकत नाही, हे आधी ठामपणे सांगायला हवं. जाड मांजराने दोन-तीन दिवस काही खाल्लं नाही, तर अंगावरची चरबी झपाट्याने यकृतात येऊन साठते. यकृताला ती हाताळता येत नाही आणि त्याचं काम ढेपाळतं. हिरड्या, डोळ्यांचा पांढरा भाग, कानाची आतली बाजू पिवळी दिसायला लागते. वेळेत उपचार झाले नाहीत तर मांजर दगावतं. नवीन खाणं समोर ठेवून 'भूक लागली की झक मारत खाईल' म्हणणं म्हणूनच फार धोक्याचं आहे. पूर्ण दिवस त्याने तोंडात काही घेतलं नाही, तर डॉक्टरांना फोन करा आणि जुनं खाणं परत समोर ठेवा.

दुसरं, ते खरंच जाड आहे का? मागच्या पायांपुढे लोंबणारी कातडीची पिशवी बारीक मांजरालाही असते, तिच्यावरून काही ठरवू नका. बरगड्यांवरून हलका हात फिरवा. आपला हात पालथा, सरळ धरून त्या हाताच्या पाठीवरून बोट फिरवल्यावर हाडं जशी लागतात, तशा बरगड्या लागल्या तर वजन ठीक. दाबूनही हाताला लागत नसतील आणि वरून पाहताना कंबर दिसत नसेल, तर चरबी आहे. पोट अचानक, काही आठवड्यांत फुगलं असेल तर ती चरबी नसून पाणी किंवा गर्भ असू शकतो. सुरुवातीची तपासणी आणि रक्त चाचणी म्हणूनच टाळू नये.

आता आकडा. साडेचार किलोच्या मांजराची विश्रांतीच्या अवस्थेतली गरज दिवसाला साधारण 215 कॅलरी निघते. वजन उतरवताना डॉक्टर तिच्या 80 टक्क्यांच्या आसपास सुरुवात करतात, म्हणजे 170 ते 175. हिशोब सहा किलोवर न करता व्हायला हव्या त्या वजनावर केला आहे, हे लक्षात घ्या. आठवड्याला शरीराच्या वजनाच्या अर्धा ते एक टक्का घट हा सुरक्षित वेग, आणि दोन टक्क्यांच्या वर कधीच नाही. आपल्या बोक्यासाठी ही घट आठवड्याला 30 ते 60 ग्रॅम होते. दीड किलो उतरायला सहा महिने ते वर्ष लागणार, अशी मनाची तयारी ठेवा.

चारही वाटांची तुलना या 170 कॅलरींवरच करायची आहे.

तेच ड्राय फूड, पण मोजून

साध्या ड्राय फूडमध्ये 100 ग्रॅमला 350 ते 400 कॅलरी असतात. 380 धरल्या तर बोक्याच्या वाट्याला दिवसभरात 45 ग्रॅम येतात. एकदा वजनकाट्यावर 45 ग्रॅम काढून वाडग्यात घालून बघा. तळ कसाबसा झाकला जातो. घरातल्या प्रत्येकाला हे एकदा दाखवणं फार उपयोगाचं आहे, कारण 'मूठभरच तर घातलं' यातली मूठ प्रत्येकाची वेगळी असते. दहा ग्रॅम जास्त पडले की 38 कॅलरी वाढल्या, म्हणजे दिवसाच्या कोट्याचा पाचवा हिस्सा. पाकिटासोबत येणारा कप किंवा वाटी इथे चालत नाही, स्वयंपाकघरातला ग्रॅम दाखवणारा काटा हवा. सकाळी दिवसाचं सगळं मोजून एका डबीत काढायचं आणि ज्याने कुणी घालायचं त्याने त्या डबीतूनच. डबी संपली की त्या दिवसाचं खाणं संपलं.

या वाटेची जमेची बाजू म्हणजे खर्च वाढत नाही आणि चव बदलत नसल्यामुळे मांजर खाणं सोडण्याची भीती कमी. पण साधं खाणं साध्या प्रमाणासाठी बनवलेलं असतं. ते फार कापलं की कॅलरींबरोबर प्रथिनं आणि जीवनसत्त्वंही कापली जातात, आणि चरबीसोबत स्नायूही झिजतात. शिवाय पोट रिकामं राहतं, मग पहाटे चारला दारावर ओरबाडणं सुरू होतं. अर्धा-पाऊण किलो उतरवायचं असेल आणि आजवर वाडगा उघडाच असायचा, तर इथून सुरुवात करणं योग्य. दीड किलोसाठी ही वाट अपुरी पडते.

डॉक्टरांनी सांगितलेलं डाएट फूड

रॉयल कॅनिनचं सॅटायटी किंवा हिल्सचं मेटाबॉलिक ही या प्रकारातली ओळखीची नावं. यांत प्रथिनं आणि तंतू जास्त, चरबी कमी, आणि कमी ग्रॅममध्येही जीवनसत्त्वं पुरतील अशी रचना असते. कॅलरी 100 ग्रॅमला साधारण 300 ते 350 धरल्या तर रोज 50 ते 57 ग्रॅम देता येतं. साध्या फूडपेक्षा फरक पाच-दहा ग्रॅमचाच दिसतो, पण तंतूंमुळे पोट भरल्यासारखं राहतं आणि प्रथिनांमुळे स्नायू टिकतात.

दुकानात 'लाइट' किंवा 'इनडोअर' लिहिलेली पाकिटं मिळतात, ती यात धरू नका. ती वजन राखायला बरी असतात, उतरवायला नाहीत. आणि डाएट फूड आणलं म्हणून वाडगा भरून ठेवला तर काहीच उतरणार नाही. काटा इथेही लागतोच. तोटा अर्थातच किंमत. एखाद्या मांजराला चव आवडत नाही, म्हणून सात ते दहा दिवस जुन्यात थोडं थोडं मिसळत न्यायचं. किडनीचा किंवा लघवीतल्या खड्यांचा त्रास असेल तर हे फूड मनाने सुरू करू नका.

पाऊच

ओल्या खाण्यात तीन चतुर्थांशाहून जास्त पाणी असतं. 100 ग्रॅमला 80 कॅलरी धरल्या तर 170 कॅलरींत साधारण 210 ग्रॅम, म्हणजे 85 ग्रॅमची अडीच पाऊच. एका बाजूला 45 ग्रॅम कोरडे दाणे आणि दुसऱ्या बाजूला अडीच पाऊच ठेवून बघा, भुकेल्या मांजरासाठी हा फरक किती मोठा आहे ते डोळ्यांना दिसतं. मुळात पाणी कमी पिणाऱ्या या प्राण्याच्या पोटात पाणी आपोआप जातं, हा आणखी एक फायदा. खासकरून बोक्यांना लघवी तुंबण्याचा त्रास होतो, त्यांच्यासाठी ही मोठी गोष्ट.

अडचणी तीन. पाऊच 50 रुपयांना धरलं तर महिन्याला पावणेचार हजार रुपये होतात. आणि लहानपणापासून फक्त दाणे खाल्लेली काही मांजरं ग्रेव्ही चाटतात आणि तुकडे सोडून देतात. आपल्याकडच्या उकाड्यात उरलेलं तासाभरात उचलावं लागतं, त्यामुळे दिवसभर घर रिकामं असेल तर सकाळी घालून निघून जाता येत नाही. पाकिटावर 'कम्प्लीट अँड बॅलन्स्ड' (म्हणजे पूर्ण जेवण म्हणून पुरेल असं) लिहिलेलं आहे का हेही बघा. नुसत्या ग्रेव्ही-तुकड्यांची काही पाकिटं खाऊ म्हणून विकली जातात.

पूर्ण पाऊच परवडत नसेल तर मधला मार्ग चांगला चालतो: एक पाऊच दोन वेळा विभागून आणि दिवसाला 27 ग्रॅम ड्राय फूड. बेरीज 170 च्या आसपासच येते.

घरचं

यावर जरा थांबून लिहायला हवं, कारण आपल्याकडे सगळ्यांत मायेने निवडली जाणारी वाट हीच आणि सगळ्यांत जास्त गफलत इथेच होते.

दूध-पोळी आधी बाजूला काढू. म्हशीचं वाटीभर, म्हणजे 100 मिलिलिटर दूध 100 कॅलरींच्या आसपास जातं. पोळी आणखी तेवढीच. आपल्या बोक्याचा दिवसाचा कोटा तिथेच ओलांडला, आणि मांजराला लागणारं बरंचसं काही मिळालंच नाही. बऱ्याच मोठ्या मांजरांना दूध नीट पचतही नाही.

उकडलेलं बोनलेस चिकन ऐकायला आदर्श वाटतं: 100 ग्रॅममध्ये 165 कॅलरी आणि 30 ग्रॅमच्या आसपास प्रथिनं. पण नुसत्या मांसात कॅल्शियम जवळपास नसतं आणि उकडताना टॉरिन हे मांसातलं पोषकद्रव्य पाण्यात उतरतं. टॉरिन मांजराला बाहेरूनच मिळावं लागतं. ते कमी पडलं की हृदय ताणून कमजोर होतं, हे 1987 साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिसमधल्या संशोधकांनी दाखवून दिलं. त्या वेळी तयार कॅट फूड खाणाऱ्या मांजरांतही ही कमतरता सापडली होती आणि कंपन्यांना प्रमाण वाढवावं लागलं. तयार खाण्यात जे चुकू शकलं, ते घरी अंदाजाने बरोबर येईल असं मानू नये. रोज बांगडा-तारलीसारखी तेलकट मासळीच घातली तर 'ई' जीवनसत्त्व कमी पडून चरबीला दुखरी सूज येऊ शकते. कांदा-लसूण पडलेला रस्सा तर थेंबभरही नको, त्याने रक्तपेशी फुटतात.

प्राणी-पोषणाच्या जाणकाराकडून पूरक पावडरीसह पाककृती करून घेतली तरच घरचं खाणं मुख्य जेवण होऊ शकतं. नाहीतर चिकन खाऊपुरतं ठेवा: कोट्याच्या दहा टक्क्यांच्या आत, म्हणजे दिवसाला दहा ग्रॅम, आणि तेवढ्या कॅलरींचे दाणे डबीतून कमी. आजीला मांजराला स्वतःच्या हाताने भरवायचं असतं, तो तिचा आनंद काढून घेऊ नका. ते दहा ग्रॅम बारीक तोडून तिच्याच हाती द्या.

मग काय घ्यावं?

आपल्या सहा किलोच्या बोक्यासाठी मी डाएट फूड निवडेन, आणि तो ओलं खात असेल तर सोबत पाऊच. उतरवायचं वजन कमी असेल तर साधं ड्राय फूड आणि पाऊचची जोडी पुरेशी आहे. मधुमेह असलेल्या मांजराचं मात्र खाणं बदलण्याआधी डॉक्टरांशी बोला. इन्सुलिन चालू असताना खाणं घटलं किंवा कर्बोदकं कमी झाली की साखर एकदम खाली जाऊन जिवावर बेतू शकतं.

खेळाने कॅलरी फार जळत नाहीत, पण स्नायू टिकतात. दोरीला पीस बांधून दिवसातून दोनदा पाच-दहा मिनिटं पुरे. धाप लागली की थांबा.

घरात दोन मांजरं असतील तर वेगवेगळ्या खोल्यांत, दार लावून जेवण. मांजर शेजारी फिरायला जात असेल तर शेजाऱ्यांनाही सांगून ठेवावं लागतं.

दर दोन आठवड्यांनी वजन करा. माणसाच्या काट्यावर त्याला उचलून घेऊन केलेली वजाबाकी 50 ग्रॅमचा फरक दाखवत नाही; बाळांचा काटा किंवा ओळखीच्या दुकानातला इलेक्ट्रॉनिक काटा बरा, मांजर पिंजऱ्यात ठेवून आणि पिंजऱ्याचं वजन वजा करून. महिनाभर काहीच हललं नाही तर आधी चोरटं खाणं शोधा. ते नसेल तर डॉक्टरांना विचारून कोटा पाच-दहा टक्के कमी करा. उलट आठवड्याला 120 ग्रॅमहून जास्त उतरत असेल तर त्याच दिवशी खाणं वाढवा आणि डॉक्टरांना दाखवून घ्या.