दोन नवे टायर पुढे लावले आणि ताम्हिणीत गाडी मागून सरकली : सात महिन्यांचा अनुभव

गाडी स्विफ्ट, साइज १८५/६५ आर१५, ईएसपी (घसरणारी गाडी आपोआप सावरणारी यंत्रणा) नाही, बाकीचं सगळ्यांना माहितीये. टायरच्या कंपन्यांची नावं लिहीत नाही, कारण माझा राग टायरवर नाही, फिटिंगवर आहे. जुने म्हणजे 'लाखभर किलोमीटर चालतील' म्हणून घेतलेले कडक रबराचे, नवे म्हणजे ओल्यात पकड चांगली म्हणून घेतलेले मऊ रबराचे.

जूनमध्ये पाऊस सुरू व्हायच्या आधी नक्षी, म्हणजे टायरच्या खाचांची खोली, मोजली तर पुढच्या दोघांची अडीच मिमी, मागच्यांची साडेतीन. टायर ४१ हजार चाललेले, साइडवर तारखेचा कोड १४२१, म्हणजे २०२१ चा चौदावा आठवडा. खाचेत जे छोटे उंचवटे असतात ती १.६ मिमीची खूण, तिथपर्यंत वेळ होता. पण पावसात १.६ ची वाट बघायची नसते, तीनच्या खाली गेलं की पाणी बाहेर टाकायला खाचच पुरत नाही. चारही बदलायचे म्हणजे पंचवीस हजार. म्हटलं दोन घेऊ, मागचे अजून एक वर्ष सहज काढतील. दुकानदार म्हणाला, "साहेब ड्राइव्ह पुढची आहे, इंजिनाचा जोर पुढच्या चाकांनाच जातो, ब्रेकचा जोरपण पुढेच, नवे पुढेच टाकूया." मलाही पटलं. फिटिंग, बॅलन्सिंग, अलाइनमेंट धरून १२,४०० गेले.

पहिला महिना खूपच खूश होतो. पौड रोडला सिग्नलजवळ झेब्राच्या पांढऱ्या पट्ट्यांवर ओल्यात ब्रेक दाबला की जुन्या टायरवर एबीएस (ब्रेकमध्ये चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा) कडकड करायचं, पायाखाली पेडल थरथरायचं, ते एकदम बंद झालं. पहिल्या पावसात ऑइल वर येऊन रस्ता जो बुळबुळीत होतो त्यातही गाडी सरळ थांबायची.

मग जुलैत गावी जाताना ताम्हिणी. आई मागे बसलेली, बायको शेजारी. घाट उतरून विळ्याकडे जाताना एक डावं वळण, वेग चाळीसच्या आसपास, धुकं, रस्त्यावरून पाण्याचा पातळ ओघळ वाहतोय आणि कडेला शेवाळ. वळण वाटलं त्यापेक्षा जास्त आवळत गेलं म्हणून ॲक्सिलरेटरवरून पाय पटकन काढला, आणि गाडीचं मागचं अंग उजवीकडे निघालं. स्टिअरिंगमध्ये काहीच कळलं नाही, पुढची चाकं रस्त्याला घट्ट धरून होती, फक्त सीटखालून कोणीतरी गाडी ओढतंय असं वाटलं. स्टिअरिंग उजवीकडे मारलं तेव्हा सावरली, पण तोवर आम्ही अर्धे समोरच्या लेनमध्ये होतो. समोरून कोणी नव्हतं म्हणून आज हे लिहितोय. आई फक्त एवढंच म्हणाली, "हळू रे बाबा," आणि मी तर हळूच चालवत होतो.

विळ्याला चहाला थांबलो आणि तिथेच ठरवून टाकलं की हे जुने टायर भंगार आहेत, कडक रबर पावसात उपयोगाचं नाही. बरेच दिवस सगळ्यांना हेच सांगत होतो. ते अर्धंच खरं होतं.

नंतर टायर कंपन्यांच्या सूचना नीट वाचल्या. त्यात लिहिलेलं असतं की दोनच नवे घेतले तर ते मागे लावा, ड्राइव्ह पुढची असली तरी. कारण साधं आहे. पुढची पकड आधी सुटली तर गाडी सरळ जायला लागते, स्टिअरिंग हलकं होतं, आपल्याला कळतं, आणि पाय काढला की वजन पुढे येऊन पकड परत मिळते. मागची आधी सुटली तर काही इशाराच मिळत नाही, आणि वळणात पाय काढला की वजन पुढे जाऊन मागचं अजूनच हलकं होतं. म्हणजे मी जे केलं अगदी तेच. पुढे नवी आठ मिमी नक्षी, मागे साडेतीन, याहून वाईट जोडी होऊ शकत नाही. त्यापेक्षा चारही जुनेच ठेवले असते तर बरं झालं असतं असं मला मनापासून वाटतं.

दुकानात गेलो. म्हटलं पुढचे मागे करून द्या, चूक तुमची आहे. तर म्हणे आठशे रुपये होतील, आणि "आम्ही सगळ्यांना पुढेच लावतो, आजवर कोणाची तक्रार नाही." म्हटलं मग बिलावर लिहून द्या की नवे पुढे लावायचा सल्ला तुमचा. ते काही देईनात. आठशे रुपयांचा प्रश्न नाही, पण ज्या चुकीने माझी आई दरीच्या रस्त्यावर आडवी झाली असती त्या चुकीचे पैसे मी देणार नाही. अख्खी चाकंच तर पुढची मागे करायची, टायर रिमवरून काढायचाही नाही. रविवारी सोसायटीच्या पार्किंगमध्ये जॅक आणि स्टेपनी घेऊन स्वतः केलं, दीड तास लागला. नट इतके आवळलेले होते की पान्यावर उभं राहावं लागलं.

त्यानंतर ऑगस्टमध्ये त्याच घाटात, तसाच पाऊस, मागची बाजू एकदाही हलली नाही. मात्र आता झेब्रा पट्ट्यांवर एबीएसची कडकड परत आली, आणि बायपासला साचलेल्या पाण्यात सत्तरच्या पुढे स्टिअरिंग हलकं व्हायला लागलं. पण ते हातात कळतं, वेग कमी करता येतो.

हवेचंही सांगतो. नासाने विमानांच्या टायरवरून काढलेलं जुनं सूत्र आहे, हवेच्या दाबाचं (पीएसआयमध्ये, पंपावर सांगतो तो आकडा) वर्गमूळ गुणिले नऊ, इतक्या नॉट्सला (विमान-जहाजांचं वेगाचं माप) टायर पाण्यावर तरंगायला लागतो. ३२ हवेला ते ताशी साधारण ९४ किमी येतं, २५ ला ८३. घासलेल्या टायरला हे जास्त लागू. एक्सप्रेसवेला शंभरची मुभा आहे म्हणून भर पावसात शंभरने जाणाऱ्यांनी एकदा हवा चेक करावी.

ऑक्टोबरमध्ये उरलेले दोनही तेच मऊ घेतले, दुसऱ्या दुकानातून. तिथला माणूस साइडवरचं एम प्लस एस (चिखल आणि बर्फ) दाखवून "हे विंटर टायर पण आहेत" म्हणत होता. ते तसं नसतं. खऱ्या विंटर टायरवर डोंगर आणि बर्फाच्या पाकळीचं चिन्ह असतं, जर्मनीत तर ऑक्टोबर २०२४ पासून बर्फात तेच चालतं. ते रबर सात अंशांच्या खालच्या थंडीसाठी असतं. पुण्यात जानेवारीत पहाटे दहा आणि दुपारी तीस, इथे ते लवकर घासून जाईल. घेऊ नका.

चारही मऊ झाल्यावर तोटे म्हणाल तर काँक्रीटवर साठच्या पुढे घुंई असा आवाज, आणि ॲव्हरेज १९ वरून १८ वर. जूनच्या जोडीची नक्षी ९ हजारात आठवरून सातवर आलीये, म्हणजे याच हिशेबाने पंचेचाळीस हजारांच्या आसपास तीन मिमीवर येतील. मला चालेल.

ऑक्टोबरचे दोन लावताना फिटिंगच्या पोराने चाक उचलून सवयीने पुढेच नेलं. त्याला थांबवून म्हटलं, मागे लाव, नक्षी जास्त ती मागे. त्याने का विचारलं, मी ताम्हिणीचं सगळं सांगितलं. म्हणाला, "काका, हे आम्हाला कोणी सांगितलंच नाही," आणि शेजारी आधीच वर चढवलेल्या एका वॅगन आरकडे बघत उभा राहिला.